हिरड्याचा विलायती भाव

मी परदेशी व्यापार शिकले तेव्हा परदेश पाहिलेला नव्हता, आणि व्यापारही. वडील पुण्याला शाळामास्तर, आई घर सांभाळणारी. आमच्या घराण्यात कुणी भाजीवाल्याशी घासाघीस करूनही कधी जिंकलेलं नाही. तरी एम.ए.ला मी आयात-निर्यात, हुंडणावळ आणि चलनविनिमय हे विषय घेतले आणि वर्गात दुसरी आले. मग सरकारच्या व्यापार खात्यात जायचं डोक्यात बसलं. दिल्लीला त्यासाठी एक वर्षाचं शिक्षण असतं. जागा मोजक्या, मुलाखत कडक, आणि मुलाखतीआधी एक अहवाल पाठवावा लागतो. परदेशी जाणारा एखादा माल घ्यायचा आणि तो निघतो तिथे जाऊन अभ्यास करायचा.

"माल कुठला घेऊ?" मी आमच्या सरांना विचारलं.

"हिरडा घे," सर म्हणाले. "तुझ्या आईच्या बाळगुटीतला. विलायतेत त्याच्या रसावर कातडी कमावतात. मागच्या वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं. निर्यातदाराच्या हाती जास्त रुपये यायला हवेत. त्यातला एखादा रुपया झाडाखालून हिरडा वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचला का, ते बघून ये."

नागपूरच्या एका स्नेह्यांनी बालाघाटच्या जंगलातल्या लामत्याच्या रामटेके गुरुजींना पत्र टाकलं, आणि जानेवारीत मी एक ट्रंक, एक होल्डॉल आणि लंडनच्या बाजारभावांचं एक कात्रण घेऊन निघाले. दिल्लीची जागा या अहवालावर लटकलेली होती. रात्री झोपताना आणि सकाळी उठताना मला तेवढंच आठवे.

गोंदिया ते लामता

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या लाइनीच्या गाडीत बसायचं. हिचे डबे इतके अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात, त्यामुळे ओळख करून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. बालाघाट येईतो माझं लग्न झालं नसल्याचं अख्ख्या डब्याला कळलं होतं आणि त्यावर दोन स्थळंही सुचवून झाली होती. वैनगंगा ओलांडली तेव्हा एका म्हातारबाने पाण्यात पैसा टाकला आणि माझ्याकडे अपेक्षेने पाहिलं. मीही टाकला. आमच्याकडे नदीवरून जाताना लोक फक्त खिडकी लावतात, वारा लागू नये म्हणून.

बालाघाटच्या पुढे जंगल जवळ येत गेलं. धानाची, म्हणजे भाताची, कापणी झालेल्या खाचरांमधून लाखोळीची डाळ उगवली होती आणि तिला निळी फुलं आली होती. धान उभा असतानाच लाखोळी पेरून ठेवायची, म्हणजे धान निघाला की दुसरं पीक तयार, अशी इथली पद्धत. फुकटच्या ओलीवर काढलेलं ते पीक बघून मला माझ्या पुस्तकातलं 'साधनांचा पर्याप्त वापर' हे प्रकरण आठवलं, आणि मी वहीत टिपण केलं. त्या वेळी मला जे दिसे त्याचं टिपण होई.

लामत्याच्या स्टेशनावर रामटेके गुरुजी उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, पांढरीशुभ्र टोपी. दहा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, आणि तेव्हापासून शाळेत एक दिवस उशिरा गेलेले नाहीत, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी माझ्या मागे डब्यात डोकावून पाहिलं.

"ताई, साहेब मागच्या डब्यात हायेत का?"

"कुठले साहेब?"

"पत्रात लिवलं होतं, परराष्ट्र व्यापाराचे अभ्यासक येऊन राह्यले."

"ती मीच."

गुरुजींनी एक क्षण विचार केला आणि माझी ट्रंक उचलली. "बरं झालं," ते म्हणाले, "साहेबासाठी कोंबडं कापा लागलं असतं."

त्यांच्या घरी दारातच काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. जेवायला भात, लाखोळीची डाळ, पोपटाच्या शेंगांची भाजी आणि जवसाची चटणी. पोपट म्हणजे वालासारख्या शेंगा, हे कळेपर्यंत मी पानाकडे जरा संशयाने बघत होते. भाजी एवढी तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. काकू म्हणाल्या, "घरची आठवन येऊन राह्यली पोरीले," आणि आणखी भाजी वाढली.

पार्बताबाईंचं अंगण

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला दोन कोसांवरच्या गावात पार्बताबाईंकडे नेलं. साठीच्या आसपासच्या, कुणबी, दोन एकर धानाच्या मालकीण. नवरा वारला होता, लेकी नांदत होत्या. हिवाळाभर रानात जाऊन त्या हिरडा वेचत आणि अंगणात वाळवत. परसवाड्याच्या बाजारात तो विकला की वर्षाचं मीठ-तेल आणि एखादं घोंगडं येई. यंदा दोन पोती झाला होता.

मी त्यांना अवमूल्यन समजावून सांगितलं. या विषयावर मला वीसपैकी अठरा गुण होते.

"म्हणजे मावशी, आपला रुपया विलायतेच्या माणसाला स्वस्त झाला. मग आपला माल त्याला स्वस्त पडतो. तो जास्त घेतो, आणि इकडे जास्त रुपये येतात."

"कोठं येते?"

"इकडे."

पार्बताबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "इकडे तं कोनी नाई आलं बापा. तूच आली."

हे उत्तर मी वहीत लिहून घेतलं. खरं म्हणजे अहवाल तिथेच पुरा झाला होता. तेवढ्यावर उठले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण माझी नजर अंगणातल्या हिरड्यावर गेली. पिवळसर, सुरकुतलेला, खडखडीत वाळलेला माल, त्यात पालापाचोळा, माती, आणि शेळीने आपल्या परीने घातलेली भर. आमच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य होतं: स्वच्छता ही निर्यातीची पहिली पायरी होय. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. आता ते तोंडाने म्हटलं.

"मावशी, हा माल विलायतेला जायचा. स्वच्छ नको का?"

"निवडून देते ना. पाखडते."

"पाखडून काय होतंय? धुतला तर कसा लखलखीत होईल."

पार्बताबाईंनी एक हिरडा उचलून हातात फिरवला. मग म्हणाल्या, "धुवाचा मन्ते?"

"धुतलात तर उत्तमच."

गुरुजी त्या वेळी शेजारच्या घरी पटावरच्या गैरहजर मुलांची चौकशी करत होते. नाहीतर त्यांनी काही म्हटलं असतं. पार्बताबाईंनी शेजाऱ्याकडून गूळ शिजवायची लोखंडी कढई आणवली, विहिरीचं पाणी भरलं, आणि आम्ही दोघींनी दोन पोती हिरडा त्यात ओतला. मी पदर खोचला होता. जरा वेळाने हात घालून ढवळलं तर पाणी पिवळंधमक.

"बघा," मी विजयाने म्हटलं, "किती घाण निघते आहे."

पार्बताबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. "घान नाई दिसत वं. रंग दिसते."

"धुळीचाच असतो तो," मी म्हणाले.

घाण चांगली सुटावी म्हणून माल सकाळपर्यंत भिजू द्यायचा, असंही मीच ठरवलं. परतताना गुरुजींना मी काही बोलले नाही. चांगलं काम केल्याचा गाजावाजा करू नये, अशी मला शिकवण आहे.

सकाळी गेलो तर पाणी काळं झालेलं. काळं म्हणजे अमावास्येसारखं. वरचा हिरडा त्याहून काळा. गुरुजींनी कढईकडे पाहिलं, एक काडी बुडवली, आणि खिशातल्या कागदावर एक सुबक 'अ' काढला.

"शाई झाली, ताई," ते म्हणाले. "हिरड्याले लोखंड लागलं का शाईच होते. आम्ही शाळेत अशीच करतो. पन दोन मूठ घेऊन. दोन पोते नाई."

मी पार्बताबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे हिरडा उपसून चटईवर पसरत होत्या.

"वाळला का उजळन," त्या म्हणाल्या. बहुधा माझ्यासाठी.

परसवाडा

चार दिवस तो ऊन खात पडला आणि उजळला नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं पोती बसच्या टपावर टाकून परसवाड्याला गेलो. रस्ता जंगलातून जातो, आणि बस मध्येच थांबवून ड्रायव्हरने बोरं घेतली. सगळ्यांना वाटली. पुण्यात बसचा ड्रायव्हर आपल्याकडे बघतसुद्धा नाही. एरवी मी यावर अर्धं पान लिहिलं असतं, पण त्या दिवशी वही उघडली नाही.

बाजारात मिठाचे ढीग, बांगड्या, मडकी, आणि एका चिंचेखाली हिरडा घेणाऱ्या सेठचं दुकान. सेठ गादीवर झोपला होता. माल घ्यायचं काम त्याचा कारभारी करी. त्याची पद्धत मला फार आवडली, म्हणजे एरवी आवडली असती. तो पोत्यात खोलवर हात घालून एक हिरडा काढी, कानाशी हलवी, मग दगडाने फोडून आतला रंग बघी. कागद नाही, तराजू नंतर. आमच्या आधीच्या बाईचा माल आतून पिवळाजर्द निघाला आणि पास झाला.

आमचा हिरडा त्याने फोडला. आत बघितलं. पार्बताबाईंकडे बघितलं.

"बाई, माल धोया क्या?"

"हौ."

"काहून? इतके साल झाले माल आनून राह्यली, कभी पानी लगने नहीं दिया. अब काहून?"

पार्बताबाईंनी पोत्याचं तोंड आवळलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मीच म्हटलं, "मी सांगितलं. स्वच्छ व्हावा म्हणून."

"आप कौन?"

गुरुजी खाकरले. "ह्या परराष्ट्र व्यापाराच्या अभ्यासक हायेत."

कारभाऱ्याने हात जोडले. "मॅडम, विलायतवाला इसका रस खरीदता है. पीला रस. चामडं त्याच्यातच कमावते. तो रस तुमी पान्यात काढून टाकला, अन् उरलेली बिजी मले देऊन राह्यल्या." त्याने फोडलेला हिरडा अदबीने माझ्या हातात ठेवला. गादीवरचा सेठ डोळे न उघडता हसला.

तेव्हा मला खरोखर रडू आलं, आणि या वेळी भाजी तिखट नव्हती. वर्षाचं मीठ-तेल मी एका वाक्याने बुडवलं होतं, आणि ते वाक्य माझं स्वतःचंही नव्हतं.

चिंचेच्या पलीकडे बसून मी पार्बताबाईंना म्हटलं, "मावशी, मी माल घेते. बाजारभावाने."

आईने मुलाखतीसाठी रेशमी साडी घ्यायला दिलेले पैसे ट्रंकेच्या तळाशी होते, ते मी सकाळीच कमरेला लावून आले होते.

"बाजारभावानं काहून?" पार्बताबाई म्हणाल्या. "तूच मनली ना, विलायतेत भाव जास्त हाय. माल विलायतेच्या पद्धतीनं धुतला. विलायतेच्याच भावानं घे."

गुरुजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. हसू लपवायची त्यांची ती रीत होती. मी लंडनचं कात्रण काढलं. वहीच्या कोऱ्या पानावर आकडेमोड मांडली आणि लंडनच्या भावातून एक-एक रक्कम वजा करू लागले: बोटीचं भाडं, विमा, मुंबईची हमाली.

"हे काय कमी करून राह्यली?"

"बोटीचं भाडं, मावशी."

"बोट कोठं लागली? तू तं इथं माह्यापुढं बसली."

कॉलेजच्या चार वर्षांत मला कुणी इतकं बिनतोड उत्तर दिलं नव्हतं. भाडं खोडलं. विमाही खोडला, कारण बुडायचं ते बुडून गेलं होतं. हमाली तेवढी त्यांनी वजा करू दिली, पोती गुरुजींनी उचलली होती म्हणून. उरलेला विलायती भाव मी मोजला. पार्बताबाईंनी त्यातून मीठ घेतलं, तेल घेतलं, आणि एकाऐवजी दोन घोंगडी घेतली. अवमूल्यनाचा फायदा हिरडा वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचल्याचं एवढं एकच उदाहरण मला त्या दौऱ्यात सापडलं.

पुन्हा लामता

पुढचे चार दिवस गुरुजींच्या पडवीत बसून मी अहवाल लिहिला. भावाचे टप्पे, दलालांची साखळी, वाहतूक, सगळं व्यवस्थित. मालाच्या प्रतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहिलं, ते मला चांगलं जमलं असं वाटलं: 'संग्राहकांच्या अज्ञानामुळे काही वेळा मालाची प्रत घसरते.' खोटं काय होतं त्यात? प्रत घसरली होती.

निघायच्या आदल्या दुपारी पार्बताबाई गुळाचा खडा घेऊन भेटायला आल्या. "आमच्याबद्दल काय लिवलं ते वाचून दाखव," म्हणाल्या. अहवाल इंग्रजीत होता, मी वाचत मराठी करत गेले. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. दलालांच्या साखळीवर त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या आणि दोन्ही बरोबर निघाल्या. मग ते वाक्य आलं. ओलांडून जाता आलं असतं, पण माझी जीभ थांबली नाही.

"अज्ञान मंजे?"

"म्हणजे माहीत नसणं."

त्यांनी डोळे उघडले. "कोनाले मालूम नव्हतं?"

पडवीत काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"मले मालूम होतं," पार्बताबाई म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. "माही सासू सांगे, हिरड्याले पानी दाखवू नोको. तुले मालूम नव्हतं."

"मग मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"पाहुनी पहिल्यांदा घरी आली, तिचं पहिलं बोलनं खाली पडू देत नाई आमी. अन् तू एवढी शिकलेली. मनलं, तिकडं धुतलेला चालत असन. रंग जाते मनून सांगतलं ना तुले. तू ऐकलं का?"

मी ऐकलं नव्हतं. मला लाज वाटली, बाजारात वाटली त्याहून जास्त. तिथे निदान मी कबूल केलं होतं. इथे मी शांतपणे, चांगल्या इंग्रजीत, माझं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं होतं, आणि ते कागद दिल्लीला जाणार होते. सरकार ते वाचून कदाचित संग्राहकांना शहाणं करण्याची एखादी योजनाही काढणार होतं. मी लेखणी घेतली, 'संग्राहकांच्या'वर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'प्रस्तुत लेखिकेच्या'. खाली सगळी हकीकत लिहिली, कढईसकट.

"आता वाच," पार्बताबाई म्हणाल्या. मी वाचलं. "हं," त्या म्हणाल्या, आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

दिल्ली

पुण्याला सरांनी ते पान वाचून चष्मा काढला. "हे कशाला? अभ्यासकाने स्वतःला अहवालात आणू नये. मुलाखत घेणारे म्हणतील, या मुलीच्या हाती व्यापार दिला तर पहिल्याच महिन्यात निर्यात बंद पडेल. पान बदल. निदान खाडाखोड तरी नको, स्वच्छ लिहून काढ."

दोन रात्री मी कोरं पान पुढे घेऊन बसले. दिल्ली मला हवी होती, फार हवी होती. ज्या वाक्यापायी ती हातची जाऊ शकत होती ते बदललं असतं तर दिल्लीत कुणाला कळलं नसतं, आणि पार्बताबाईंपर्यंतही काही पोचणार नव्हतं. नेमकं हेच मनात आलं तेव्हा मी पान बदललं नाही. खाडाखोडीसकट धाडून दिलं.

मुलाखतीला मी सुती साडीत गेले. पाच जण टेबलापलीकडे. चौघांनी हुंडणावळीवर आणि व्यापारशेषावर विचारलं, ते मला येत होतं. पाचवे वयस्क गृहस्थ इतका वेळ माझा अहवाल चाळत बसले होते. त्यांनी ते पान समोर धरलं.

"इथे आधी दुसरा शब्द होता. रेघेखालून वाचता येतो. अज्ञान आधी संग्राहकांचं होतं."

"हो."

"हा शब्द कुणी खोडला?"

"पार्बताबाईंनी. ज्यांचा माल होता त्यांनी."

"त्यांना इंग्रजी येतं?"

"नाही. लिहिता-वाचताही येत नाही. मी त्यांना वाचून दाखवलं होतं."

त्यांनी पान उलटलं नाही. खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. मग डावीकडे नजर टाकत म्हणाले, "आपण खात्यात गेल्या वर्षभरात लोकांबद्दल जे काही लिहिलं, ते कुणाला वाचून दाखवलं?"

प्रश्न मला नव्हता. ज्यांना होता त्या चौघांपैकी एकाने टेबलावरची घंटा वाजवली, आणि मला बाहेर जायला सांगण्यात आलं. तीन आठवड्यांनी यादी लागली. माझं नाव तीत होतं, शेवटून दुसरं.